पवनार : प्रवरपूर, सरकार आणि परंधाम

[ १ ]

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानें सुमारें ८ किलोमीटर गेलें म्हणजे धाम नदी लागते. नदीच्या एका तीरावर पवनार हें गांव व समोरच्या तीरावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. धाम पुढें वेणा नदीस व वेणा वर्धा नदीस मिळते. गांव मोठें नाहीं. जिल्ह्याची कचेरी, रेल्वेचें स्टेशन व मोठी बाजारपेठ हीं तिन्ही वर्ध्यास असल्यामुळें येथून जाणारा प्रवासी पुलावरून नदीकडे एकदां पाहतो आणि पुढें जातो. तथापि या लहानशा गांवाच्या नांवावर इतिहासांत तीन मोठे अधिकार सांगितले जातात. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, हा पहिला. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें हें ठाणें होतें, हा दुसरा. आणि विसाव्या शतकांत भूदानाच्या पदयात्रेचा पाय येथूनच उचलला गेला, हा तिसरा. यांपैकीं दुसरा व तिसरा अधिकार निर्विवाद आहेत. पहिल्याचा निर्णय अद्याप लागलेला नाहीं, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तर तो अधिकच वादग्रस्त झाला आहे.

या लेखांत आम्ही त्या वादाचा विचार करणार आहों. परंतु तेवढ्यावर थांबणार नाहीं. एखादें गांव राजधानी होतें कीं नव्हतें एवढाच प्रश्न त्या गांवाच्या इतिहासास विचारला म्हणजे उत्तर नकारार्थी आल्यास गांवाचा इतिहासच संपला असें वाटूं लागतें. पवनारच्या बाबतींत तसें होऊं नये, एवढ्यासाठीं हा खटाटोप आहे.

[ २ ]

प्रथम ताम्रपटांची साक्ष घेऊं. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन हा गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याचा दौहित्र होय. त्याची माता प्रभावतीगुप्ता हिनें पति दुसरा रुद्रसेन याच्या निधनानंतर आपल्या अल्पवयी मुलाच्या नांवानें राज्यकारभार चालविला. इ. स. च्या पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रवरसेनानें दीर्घकाळ राज्य केलें. सेतुबंध हें प्राकृत काव्य परंपरेनें त्याचेंच मानलें जातें.

या घराण्याचे जे ताम्रपट उपलब्ध आहेत त्यांतील कित्येकांचा आजच्या वर्धा जिल्ह्याशीं साक्षात् संबंध आहे. प्रभावतीगुप्तेचा जो ताम्रपट पुण्यास उपलब्ध झाला त्यांत सुप्रतिष्ठ नांवाच्या आहारांतील दंगुण हें गांव दान दिलें आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं भोंवतालच्या गांवांचीं नांवें जुळवून दंगुण म्हणजे आजचें हिंगणघाट होय असें प्रतिपादन केलें. हिंगणघाट तालुक्यांतील जांब येथें सांपडलेला ताम्रपट प्रवरसेनाच्या राज्याच्या २ ऱ्या वर्षाचा आहे. त्यांतील कोथुरक हें गांवही सुप्रतिष्ठ आहारांतच होतें व त्याच्या सीमेवर उमा नदी वाहत होती. ही उमा म्हणजे वेणा नदी असें मिराशींचें मत आहे. आर्वीकडील बेलोरा येथील ताम्रपट ११ व्या वर्षाचा असून त्यांत असि भुक्तीचा उल्लेख येतो. असि म्हणजे आजची आष्टी. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीं या प्रदेशाची आहार, भुक्ति अशी नियमित विभागणी झालेली होती, आणि एका गांवाची हद्द सांगतांना चार दिशांच्या शेजारगांवांचीं नांवें नोंदण्याची पद्धति रूढ होती, हें निश्चित.

बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील नगरधन, याबद्दल आतां विद्वानांत मतभेद राहिलेला नाहीं. परंतु १८ व्या वर्षाचा चम्मक येथील ताम्रपट प्रवरपुराहून दिलेला आहे. यावरून ११ व्या वर्षानंतर व १८ व्या वर्षापूर्वीं केव्हां तरी प्रवरसेनानें आपल्या नांवानें नवें नगर वसवून तेथें राजधानी नेली, असा निष्कर्ष निघतो. हें नगर कोठें होतें तें मात्र कोणताही ताम्रपट सांगत नाहीं. राजधानीस चतुःसीमा सांगण्याचें कारण लेखकास पडलें नाहीं. तें आपल्यास पडलें आहे.

[ ३ ]

प्रवरपूर म्हणजे पवनार हें मत मिराशींनीं मांडलें व वाकाटकांवरील आपल्या ग्रंथांतून दृढ केलें. त्यांच्या विवेचनाचे मुख्य आधार दोन : नामसादृश्य आणि पवनारचीं शिल्पें. यांपैकीं शिल्पांचा आधार विशेष वजनदार आहे. विनोबा १९३८ सालीं प्रकृतीच्या कारणानें पवनारास, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यांत, राहावयास आले. तेथील जमिनींत खणतांना जुन्या मूर्ति व शिल्पपट निघूं लागले. त्यांतील एक पट राम व भरत यांच्या भेटीचा म्हणून ओळखला गेला. विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत दिलेल्या गीताप्रवचनांत राम-भरतांच्या भेटीच्या चित्राचा प्रसंग वर्णिला होता. त्यामुळें हा पट हातीं येतांच त्यांस विलक्षण आनंद झाला व तेथें भरत-राम मंदिर उभें राहिलें. मिराशींनीं या पटांतून रामचरित्रांतील प्रसंग ओळखले, ते एकाच भव्य राममंदिराचे अवशेष ठरविले, व सेतुबंधाचा कर्ता आणि रामगिरिस्वामीची भक्त असलेली त्याची माता यांच्याशीं त्या मंदिराचा संबंध जोडला.

हा पुरावा शैलीच्या दृष्टीनें वाकाटक काळाकडे बोट दाखवितो यांत शंका नाहीं. परंतु सर्वच पट रामकथेचे आहेत कीं काय याविषयीं पुढील अभ्यासकांत एकवाक्यता नाहीं. शिवाय, मोठें देवालय होतें म्हणून तेथें राजधानी होती, असें अनुमान करतां येत नाहीं. रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांचीं देवालयें आजही उभीं आहेत. पण राजधानी डोंगराखालीं कांहीं अंतरावर नगरधनास होती.

१९६७ सालीं नागपूर विद्यापीठातर्फें शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनीं पवनार येथें उत्खनन केलें. त्यांत सातवाहनांच्याही पूर्वीपासून मुसलमानी अमलापर्यंत येथें वस्तीचे थरांवर थर आढळून आले. विष्णुकुंडिन घराण्याचीं मानलीं जाणारीं नाणींही मिळालीं. म्हणजे गांव फार प्राचीन व दीर्घायुषी हें सिद्ध झालें. पण ज्यावर प्रवरपूर किंवा प्रवरसेन अशीं अक्षरें आहेत असा लेख अथवा मुद्रा पवनारच्या मातींतून निघालेली नाहीं.

दुसऱ्या बाजूस, १९९७ नंतर रामटेकजवळ मनसर येथें जगत्पति जोशी व अरुणकुमार शर्मा यांनीं जें उत्खनन केलें त्यांत विटांचीं भव्य बांधकामें व शैव शिल्पें उघडकीस आलीं. अ. प्र. जामखेडकर व नेदरलंडमधील पंडित हान्स बेकर यांनीं मनसरच्या टेकडीवरील देवालय म्हणजे ताम्रपटांत उल्लेखिलेलें प्रवरेश्वराचें देवकुल होय, आणि अर्थात् प्रवरपूरही त्याच परिसरांत होतें, असा पक्ष मांडला. या पक्षास बळ देणारी एक गोष्ट अशी कीं, त्यामुळें राजधानी नंदिवर्धनाहून फार दूर गेली असें मानावें लागत नाहीं. अलीकडे नगरधनच्या उत्खननांत प्रभावतीगुप्तेच्या नांवाची मृण्मुद्राही मिळाली. एका लहानशा मातीच्या ठशानें जी खात्री होते ती दहा शिल्पपटांनीं होत नाहीं, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

[ ४ ]

आतां नांवाचा विचार. प्रवरपूर यापासून पवनार हा शब्द कसा निघाला ? मराठींत ग्रामनामाच्या शेवटच्या पूर या अवयवाचा ऊर होतो. चांदूर, नांदूर हीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्याप्रमाणें प्रवरपुराचें पवरऊर, पवरूर असें कांहीं व्हावयास पाहिजे. दोन र जवळ आले असतां त्यांतील एकाचा न होणें अशक्य नाहीं; पण शेवटचा आर कोठून आला हें मग स्वतंत्रपणें सांगावें लागतें. उलट नगर या शब्दाचा नेर किंवा नर होतो. अमळनेर, पारनेर, जुन्नर हीं त्याचीं उदाहरणें. तेव्हां पवनारच्या शेवटीं पूर नसून नगर असण्याचा संभव आमच्या मतें निदान तितकाच आहे. शिवाय भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें प्राचीन नगर याच नांवाच्या जातीचें दिसतें. दोन्ही ठिकाणीं पवन हा अवयव मूळचा असेल, तर पवनारचा प्रवरसेनाशीं असलेला शाब्दिक संबंध तुटतो.

केवळ नांवावरून मत खोडून काढावें असा आमचा आग्रह नाहीं. नामसादृश्य हा पुरावा जितका वाटतो तितका भक्कम नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें. सारांश, पवनार हें वाकाटक काळांतील महत्त्वाचें धर्मस्थान होतें हें मान्य; तें प्रवरपूर होतें हें सिद्ध नाहीं.

[ ५ ]

लोकांस मात्र प्रवरसेन ठाऊक नाहीं. त्यांच्या तोंडीं आहे तो पवनराजा. पवनार, पवनी व पोहणा या तिन्ही ठिकाणांशीं या राजाचें नांव जोडलेलें आहे. दंतकथा अशी कीं, पवनराजाजवळ परीस होता. त्यामुळें त्यास रयतेकडून रोख सारा घेण्याचें कारणच नव्हतें. कुणब्यानें वर्षाकांठीं नांगराचा लोखंडी फाळ आणून द्यावा. राजा त्यास परीस लावी व सोन्याचा फाळ भांडारांत जाई.

ऐतिहासिक व्यक्ति म्हणून या राजाचा शोध करणें व्यर्थ आहे. पण दंतकथेस इतिहासांत स्थान नाहीं असें म्हणणेंही बरोबर नाहीं. राजा कोण होता हें दंतकथा विसरते. राज्य कसें वाटत होतें हें ती विसरत नाहीं. या कथेंत राजाचा पराक्रम नाहीं, युद्ध नाहीं, वंशावळ नाहीं. आहे तो फक्त सारा. कुणब्याच्या दृष्टीनें राजा म्हणजे सारा घेणारा, आणि चांगला राजा म्हणजे झिजलेल्या फाळावर समाधान मानणारा. झिजलेला फाळ ही वस्तु शेतकऱ्याजवळ असतेच. ती देतांना धान्याची कणगी रिकामी होत नाहीं कीं सावकाराचें दार ठोठवावें लागत नाहीं. ज्यांनीं ही कथा रचली त्यांनीं आपल्या मनांतील न्याय्य सारा कोणता तें सांगून ठेवलें आहे.

या कथेजवळ वाकाटकांचे ताम्रपट ठेवून वाचले म्हणजे दोहोंवरही नवा प्रकाश पडतो. दान दिलेल्या गांवास कोणत्या जाचांतून सूट मिळाली याची यादी त्यांत असते. त्या गांवानें कर देऊं नये. राजाचे शिपाई व सेवक यांनीं तेथें शिरूं नये. वंशपरंपरेनें येणाऱ्या गाईबैलांवर व फुलांदुधावर हक्क सांगूं नये. चारा, कातडें व कोळसा मागूं नये. मिठाच्या खाणीवर अधिकार सांगूं नये. कोणतीही वेठ घेऊं नये. गुप्त धन निघाल्यास तें गांवाचेंच असावें. धर्मकृत्य म्हणून कोरलेली ही सवलतींची यादी उलटी वाचली कीं इतर सामान्य गांवांची स्थिति समजते. जेथें सूट नव्हती तेथें अधिकारी येत असत. त्यांस बसावयास कातडें, जनावरांस चारा व शेगडीस कोळसा पुरवावा लागे. आणि वेठीस जावें लागे. पांचव्या शतकांतील वर्धेकांठच्या ग्रामजीवनाचें याहून जिवंत चित्र दुसरें उपलब्ध नाहीं.

चम्मकच्या ताम्रपटांत ८,००० भूमि मोजमापाचें गांव १,००० ब्राह्मणांस दिल्याचें लिहिलें आहे. नांवें मात्र ४९ जणांचींच कोरलीं आहेत. त्या दानास अटीही आहेत : दान घेणाऱ्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये, लढाई करूं नये, शेजारच्या गांवांस उपद्रव देऊं नये, तसें वागल्यास राजानें जमीन परत घेतली तरी तो चोर ठरणार नाहीं. हा ताम्रपट १८६८ च्या सुमारास शेत नांगरतांना वर आला. प्रवरपुराचें नांव आपल्यापर्यंत आणून पोहोंचविण्याचें काम अखेर नांगराच्या फाळानेंच केलें !

[ ६ ]

वाकाटकांनंतर मध्यंतरींचीं कित्येक शतकें आम्ही येथें ओलांडीत आहों. पवनार पुन्हा ठळकपणें दिसतें तें अकबराच्या काळीं. १५९६ सालीं वऱ्हाड मोंगलांकडे आलें. ऐन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें दिलीं आहेत त्यांत पनार हें एक आहे, आणि उंचवट्यावरील त्याच्या किल्ल्यास तीन बाजूंनीं पाणी असल्याचें वर्णन आहे. अशी जागा लष्करी ठाण्यास उत्तम. वर्धा नदीच्या पूर्वेकडील मुलूख सांभाळण्यासाठीं हें ठाणें ठेवलें गेलें. येथें किल्लेदार, कारकून व शिबंदी असणार; आणि त्यांस लागणारे धान्य व चारा भोंवतालच्या शिवारांतूनच येत असणार.

पुढें हा मुलूख देवगडच्या गोंड राजांच्या व त्यानंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालीं गेला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें भोसल्यांस वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडावा लागला, आणि पवनारचा टापू एकाएकीं सरहद्दीचा झाला. त्यानंतरच्या वर्षांत पेंढाऱ्यांनीं या भागांत अतिशय धुमाकूळ घातला. जिल्ह्यांतील गांवोगांवच्या मातीच्या गढ्या हें त्या भीतीचें स्मारक होय. दिवसा शेतांत राबावें व आरोळी होतांच गुरेंढोरें व बायकामुलें गढींत घ्यावीं, असा तो काळ होता.

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले वारले व पुढील वर्षीं इंग्रजांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें. १८६२ सालीं नागपुरापासून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. त्याची कचेरी प्रथम पुलगांवजवळील कवठा येथें होती. १८६६ सालीं ती पालकवाडी या खेड्याच्या जागेवर आणून तेथें आंखीव रस्त्यांचें वर्धा शहर वसविण्यांत आलें. १८६७ सालीं रेल्वे नागपुरापर्यंत पोहोंचली. जुनें ठाणें असलेल्या पवनारास दोहोंपैकीं एकही मान मिळाला नाहीं. नदीनें वेढलेला उंचवटा किल्ल्यास उपयोगी. कापसाच्या गांठी गाडींत भरावयास सपाट माळ बरा. त्यामुळें पवनारचें ठाणेपण गेलें आणि शेती व नदी एवढेंच त्याजकडे उरलें.

[ ७ ]

विसाव्या शतकांतील हकीकत परिचित असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले. गांधीजी १९३४ त वर्ध्यास व १९३६ त शेगांवास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, राहावयास आले. १९३८ पासून विनोबांचें वास्तव्य पवनारास झालें. धामच्या पलीकडचें म्हणून त्यांनीं आश्रमास परंधाम हें नांव दिलें. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ पहिले सत्याग्रही या नात्यानें त्यांनीं येथेंच केला. १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं गांधीजींच्या अस्थि धाम नदींत विसर्जित झाल्या.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें यापुढील प्रसंग अधिक महत्त्वाचा. १९५० च्या सुमारास विनोबांनीं परंधामांत कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. पैशाच्या व्यवहारावांचून, स्वतःच्या अंगमेहनतीवर जगतां येतें कीं नाहीं हें पाहण्याचा तो यत्न होता. बैलांवांचून, केवळ हातांनीं जमीन खणून शेती करावयाची, आणि माणसांनींच रहाट फिरवून विहिरीचें पाणी काढावयाचें, असा क्रम होता. ज्या गांवीं लोखंडाचें सोनें करणाऱ्या राजाची कथा शेंकडों वर्षें सांगितली गेली त्याच गांवीं सोन्यापासून सुटका करून घेण्याचा हा प्रयोग व्हावा, हा योगायोग असेल. पण दोहोंचा प्रश्न एकच होता. शेतकऱ्याच्या श्रमावर दुसऱ्याचा हक्क किती ?

८ मार्च १९५१ रोजीं विनोबा पायीं तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें त्यांस पहिलें भूदान मिळालें. पावसाळा पवनारास काढून १२ सप्टेंबर रोजीं ते तेथूनच दिल्लीकडे चालूं लागले. वाकाटकांचेंही भूमिदानच होतें. परंतु त्यांत राजा देत असे व कसणारा जमिनीबरोबर एका हातांतून दुसऱ्या हातांत जात असे. येथें धारकानें द्यावें व कसणाऱ्यानें घ्यावें, असा उलटा क्रम ठरला. त्या चळवळीस यश किती आलें, मिळालेल्या जमिनींपैकीं कसण्याजोगी किती होती व वाटली गेली किती, हा वेगळा व कठोर परीक्षणाचा विषय आहे. त्याचा निर्णय येथें करीत नाहीं. १९५९ सालीं आश्रमांत स्त्रियांच्या सामुदायिक साधनेसाठीं ब्रह्मविद्यामंदिर स्थापन झालें. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं विनोबांनीं येथेंच देह ठेवला.

[ ८ ]

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. पवनार हें प्रवरपूर असल्याचा निर्णायक पुरावा नाहीं, व मनसरचा पक्ष आज अधिक सबळ दिसतो. तो उद्यां पूर्णपणें सिद्ध झाला तरी पवनारचें महत्त्व उणें होत नाहीं. राजधानीचा मान गेला तर एका राजाचें नांव जाईल. पण जमीन, सारा, वेठ व दान यांचा दीड हजार वर्षांचा इतिहास ताम्रपट, दंतकथा आणि चळवळ अशा तीन निरनिराळ्या साधनांतून एका लहानशा टापूंत वाचावयास मिळावा, अशीं स्थळें महाराष्ट्रांत विरळा. ताम्रपटांत देणाऱ्याचा आवाज आहे, दंतकथेंत भरणाऱ्याचा आहे. दोन्ही ऐकल्याशिवाय तिसऱ्याचा अर्थ लागत नाहीं.

हें काम पुढें न्यावयाचें तर स्थानिक जिज्ञासूंनीं तीन गोष्टी कराव्या अशी आमची विनंति आहे. पवनार व भोंवतालच्या गांवांतील शेतांचीं, नाल्यांचीं व पांदणांचीं प्रचलित नांवें जाणत्या शेतकऱ्यांकडून लिहून घ्यावीं. ताम्रपटांतील चतुःसीमा त्यांवांचून जुळत नाहींत. जुन्या घरांतून भोसलेकालीन सनदा, पावत्या व मालगुजारीचे कागद असतील त्यांच्या नकला करून ठेवाव्या. वाळवी व पाऊस यांस संशोधकाची वाट पाहण्याचा धीर नसतो. आणि नांगरतांना किंवा पाया खणतांना मूर्ति, विटा अथवा मातीचे ठसे निघाल्यास ते कोणत्या शेतांत व किती खोलीवर निघाले हें तेथल्या तेथें टिपून मगच हलवावे. प्रवरपुराचा निकाल लावणारी मुद्रा कोठें असेल ती असो. ती सांपडली तर विद्वानाच्या मेजावर सांपडणार नाहीं, पूर्वींप्रमाणें फाळाच्या टोंकालाच लागेल. ती ओळखणारा शेताच्या बांधावर असला पाहिजे, एवढेंच.